रजेचा हिशोब

२६ ऑगस्ट २०१९ रोजी कांचन चौधरी भट्टाचार्य यांचं मुंबईत निधन झालं. दुसऱ्या दिवशी जवळपास सगळीकडे एकच मथळा होता: देशातल्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक. खाली ठरलेला मजकूर. १९७३ च्या तुकडीच्या आयपीएस, किरण बेदींनंतर या सेवेत आलेल्या दुसऱ्या महिला. बॅडमिंटनपटू सय्यद मोदी यांच्या खुनाच्या तपासात सहभाग. २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक. २००७ मध्ये निवृत्ती. २०१४ ला हरिद्वारमधून लोकसभेची निवडणूक, त्यात हार. आणि अगदी शेवटी, अर्ध्या ओळीत: त्यांना दोन मुली आहेत.

मी त्या अर्ध्या ओळीपाशी अडकले. तीस वर्षांहून जास्त पोलिसांतली नोकरी आणि दोन मुली, हे काही एकामागून एक झालेलं नाही. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. मग बातमीत ते एका परिच्छेदात का येत नाही?

'उडान' ही मालिका तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. १९८९ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. कांचन यांच्या धाकट्या बहिणीने, कविता चौधरी यांनी, ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात मुख्य कामही केलं. (सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी म्हणजे याच कविता. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याही गेल्या.) गोष्ट घरातलीच होती. वडील जमिनीच्या वादात अडकले, त्यांना मारहाण झाली आणि पोलिसांनी तक्रारही नोंदवून घेतली नाही. त्यातून मोठी मुलगी ठरवते की आपण पोलीस व्हायचं. मालिकेतली कल्याणी सिंग बघून किती मुलींनी एमपीएससी-यूपीएससीचे फॉर्म भरले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही, पण त्या वयाच्या कोणत्याही महिला अधिकाऱ्याशी बोला, 'उडान'चा विषय निघतोच. 'उडान' ही बाप आणि मुलगी यांची गोष्ट आहे. आई झालेल्या पोलीस अधिकाऱ्याची मालिका तेव्हा कुणी केली नाही. पुढे 'मर्दानी'तल्या इन्स्पेक्टरच्या घरीही पोटचं मूल नाही, भाची आहे. पटकथा लिहिणाऱ्यांना बहुधा कळत असावं की घरात दोन वर्षांचं बाळ असेल तर अर्धा सिनेमा त्याला कुठे ठेवायचं यातच जाईल.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो एका पिशवीमुळे. घरात इंजिनिअर असला की अख्ख्या सोसायटीचं स्कॅनिंग आणि प्रिंटिंग त्याच्याकडे येतं. आमच्या मजल्यावरच्या एक काकू गेल्या वर्षी गेल्या. शिपाई म्हणून भरती होऊन सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. चौकात फ्लेक्स लागला, 'कर्तव्यदक्ष पोलीस अधिकारी व आदर्श माता'. महिन्याभराने त्यांची मुलगी कागदांची पिशवी घेऊन आली. "एवढं जरा स्कॅन करून ठेवशील का गं? दादाला पाठवायचंय." पिशवीत बँकेची पासबुकं होती, रोख बक्षिसांचे आदेश होते, खाकी साडीतला एक ग्रुप फोटो होता आणि सेवापुस्तकाची नक्कल होती.

सेवापुस्तक म्हणजे काय हे खाजगी कंपनीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना माहीत नसतं. सरकारी माणसाची अख्खी नोकरी त्यात हाताने नोंदलेली असते. नेमणुकीची तारीख, उंची, ओळखीची खूण, बदल्या, वेतनवाढी, बक्षिसं, शिक्षा, आणि मागे रजेचा हिशोब. आपल्या भाषेत सांगायचं तर हा लॉग आहे, आणि चांगला लॉग आहे. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही. फक्त त्यात 'का' नसतं. माणसाने रजा घेतली हे दिसतं, कशासाठी ते दिसत नाही. मुलांचा उल्लेख जवळपास दोनच ठिकाणी येतो: प्रसूती रजा आणि वारस म्हणून दिलेली नावं. काकूंना आई म्हणून शोधायचं तर तारखांवरून अंदाज बांधावा लागतो. तो मी बांधलाच, पण आधी या पुस्तकाच्या मागचा काळ समजून घ्यावा लागला.

बायका पोलिसांत का घेतल्या गेल्या? समानतेच्या आग्रहाने नाही, हे पहिलं लक्षात येतं. १९३३ मध्ये त्रावणकोर संस्थानात सुरुवात झाली. १९३८ मध्ये कानपूरला, गिरण्यांच्या संपात बायका पुढे येऊ लागल्या आणि त्यांना हटवणार कोण हा प्रश्न पडला म्हणून. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांमध्ये गरज वाढली, कारण तिथे बायका आणि पोरं होती. म्हणजे ज्या बाईला पुरुष पोलीस हात लावू शकत नाही, तिच्यासाठी ही दुसरी बाई. पुढची सगळी भरती, सगळे कायदे याच कारणाभोवती फिरत राहिले.

स्वातंत्र्यानंतर जो मुंबई पोलीस अधिनियम १९५१ मध्ये आला, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात तोच, त्यातलं २८ वं कलम मी दोनदा वाचलं. रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस अधिकारी नेहमीच कर्तव्यावर आहे असं मानलं जाईल. आमच्याकडे ऑन-कॉल असतो. सहा आठवड्यांत एक आठवडा, त्याचा वेगळा भत्ता, आणि रात्री तीनला सर्व्हर पडला तर दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तरी चालतं. एवढ्यावर आम्ही मॅनेजरशी भांडतो. इथे चौतीस वर्षं ऑन-कॉल, कायद्याने.

त्याच काळात सरकारच्या वरच्या सेवांमध्ये आईपणाकडे कसं बघितलं जात होतं, तेही बघा. १९५१ मध्ये अ‍ॅना राजम जॉर्ज आयएएसमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या नेमणूकपत्रात अट होती, लग्न केलं तर सेवा संपेल. पुढे नियम बदलला, त्यांनी लग्न केलं, न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची जबाबदारी सांभाळली. त्याही मुंबईतच २०१८ मध्ये वारल्या. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांना थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची आणि संसार कामाच्या आड येतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा, असा नियम तिथे होता, फक्त बायकांसाठी. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं. आणि १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटला. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणात नोकरीवरून काढता येत असे. ते कलम न्यायालयाने रद्द केलं. पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही ही अट मात्र तशीच ठेवली.

त्याच १९८१ च्या तुकडीतून मीरा चढ्ढा-बोरवणकर महाराष्ट्रात आल्या. पंजाबमधल्या फाजिल्काच्या, वडील सीमा सुरक्षा दलात, शिक्षण इंग्रजी साहित्याचं. लग्न मराठी घरात, दोन मुलगे. महाराष्ट्रात स्वतंत्र जिल्ह्याचा ताबा मिळालेल्या त्या पहिल्या महिला पोलीस अधीक्षक. औरंगाबाद आणि सातारा असे दोन जिल्हे त्यांनी सांभाळले. १९९४ च्या जळगाव वासनाकांडाच्या तपासात त्या होत्या. २००४ मध्ये मुंबई क्राइम ब्रँचच्या पहिल्या महिला प्रमुख. २०१० मध्ये पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त. नंतर तुरुंग विभागात गेल्या आणि येरवड्यात अजमल कसाबची फाशी, नागपुरात याकूब मेमनची फाशी, दोन्ही त्यांच्या देखरेखीखाली झाल्या. २०१७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २०२३ मध्ये 'मॅडम कमिशनर' हे त्यांचं पुस्तक आलं तेव्हा टीव्हीवर चर्चा झाली ती येरवड्यातल्या जमिनीच्या एकाच प्रकरणाची. एवढ्या लांब नोकरीत घर कसं चाललं, असा प्रश्न त्या गदारोळात कोण विचारणार.

आणि विचारला असता तर तो बरा दिसला असता का, हेही मला नक्की सांगता येत नाही. पुरुष आयुक्ताला कुणी विचारत नाही की साहेब, मुलांचा अभ्यास कोण घेतं. बाईला विचारलं की तिच्या कामाची किंमत कमी होते, न विचारलं की तिच्या आयुष्यातला अर्धा भाग गायब होतो. मला वाटतं विचारायला हवं, आणि पुरुषालाही विचारायला हवं. पण ते असो.

२०१० ते २०१२ मध्ये पिंपरी-चिंचवड पुणे पोलीस आयुक्तालयातच होतं. म्हणजे निगडीपासून सांगवीपर्यंत आमच्या सगळ्या ठाण्यांच्या वर पहिल्यांदाच एक बाई बसली होती. मी तेव्हा शाळेत होते, मला त्याचं काही नव्हतं. काकूंना होतं. त्या सांगायच्या, "आम्ही काय कधी त्यांच्यासमोर उभ्या राहिलो नाही गं. पण रोल कॉलला साहेब 'मॅडमचा आदेश आहे' म्हणायचे ना, ते ऐकायला बरं वाटायचं."

मात्र काकू पोलिसांत आल्या त्या कोणत्याही मॅडममुळे नाहीत. त्यांची भरती १९८४ ची, आणि त्या भरतीमागे दोन प्रकरणं आहेत, दोन्ही महाराष्ट्रातली.

पहिलं १९७२ चं. गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. हे मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं, तेव्हा १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, कोठडीतला अत्याचार वेगळा गुन्हा ठरला. दुसरं प्रकरण त्याच १९८३ चं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या कोठड्यांमधल्या बायकांच्या हालांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्याचीच याचिका करून घेतली. आदेश झाले: बायकांना वेगळी कोठडी, तिथे पहाऱ्यावर महिला शिपाई, आणि चौकशी महिला पोलिसांच्या समोरच.

हा निकाल मी वाचला तेव्हा वाटलं, किती चांगला निकाल. आजही वाटतं. पण आता त्याकडे अ‍ॅडमिनच्या नजरेने बघा. ज्या ठाण्यात साठ माणसं आहेत आणि त्यांत दोन बायका, तिथे रात्री अकराला एखादी बाई आरोपी म्हणून आणली तर पहाऱ्याला कोण बसणार? या दोघींपैकी एक. मग दुसऱ्या रात्री? दुसरी. तिसऱ्या रात्री पुन्हा पहिली.

पुढचे कायदेही त्याच दिशेने गेले. २००५ ची फौजदारी प्रक्रिया संहितेतली दुरुस्ती: सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढून करायची. २०१२ चा पोक्सो: मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाची नको, आणि ती गणवेशात नसावी. हे शेवटचं मला फार आवडतं. मुलाला वर्दीची भीती वाटेल, म्हणून साध्या कपड्यांत बसा. २०१३ नंतर लैंगिक गुन्ह्यांची तक्रारसुद्धा महिलेनेच नोंदवून घ्यायची. प्रत्येक नियम रास्त आहे. प्रत्येक नियमाने एका बाईला सुरक्षित केलं आणि दुसरीला घरातून बोलावून घेतलं. काकू म्हणायच्या, "रात्री फोन वाजला की समजायचं, बाई सापडली."

आता जरा चाकणकडे. १९४८ च्या कारखाने कायद्यात दोन कलमं होती. एक, संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना कारखान्यात कामाला लावायचं नाही. दुसरं, तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. पिंपरीत १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मग टेल्को, बजाज, पुढे चाकण. या सगळ्या पट्ट्याला ही कलमं लागू होती. पाळणाघरं किती ठिकाणी नीट चालली हा वेगळा विषय, पण मागायला कायदा तरी होता. पोलीस ठाणं हा कारखाना नाही. तिथे सातनंतर बाईने थांबायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं, उलट सातनंतरच तिची गरज होती. तीसचा आकडा तर सोडूनच द्या, एका ठाण्यात तीस बायका कुठून येणार?

हिंजवडीत आयटी आल्यावर रात्रीचा प्रश्न आमच्याही बाजूला आला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये कामावर निघालेल्या एका बीपीओतल्या तरुणीला कॅबच्या ड्रायव्हरनेच गहुंजेच्या बाजूला नेलं आणि तिचा खून झाला. त्यानंतर कंपन्यांचे नियम कडक झाले. रात्रीच्या कॅबमध्ये बाई एकटी नको, सोबत गार्ड हवा, बाईला शेवटी सोडायचं नाही. मी या नियमांखाली पाच वर्षं रात्री घरी येते आहे. वाकडच्या पुलाखाली नाकाबंदीला बॅटरी घेऊन उभी असलेली महिला शिपाई कॅबमध्ये डोकावते, माझ्याकडे बघून मान हलवते आणि गाडी सोडते. तिला घरी सोडायला कोणती कॅब येते, तिच्या गाडीत गार्ड असतो का, हे मी कधी विचारलेलं नाही.

तर आता रजेचा हिशोब.

काकूंची पहिली प्रसूती रजा १९८८ ची, दुसरी १९९१ ची. दोन्ही नव्वद दिवस. (राज्यात १८० दिवस झाले ते २००९ मध्ये, तोवर त्यांचा मुलगा कॉलेजला होता.) नव्वद दिवसांनी त्या कामावर आल्या, ते बाळ मग कुठे होतं? सेवापुस्तकात नाही. मुलीने सांगितलं, पोलीस लाइनीत शेजारच्या मावशींकडे. त्यांचा नवरा वायरलेसला होता, त्यांना स्वतःची तीन पोरं. लाइनीतल्या बायकांचं एकमेकींच्या ड्यूट्यांवर चालणारं असं एक पाळणाघर होतं. त्याला नाव नव्हतं, फी नव्हती आणि कुठल्याही शासन निर्णयात त्याचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या महिला पोलिसांची नोकरी शक्य झाली ती सर्वांत जास्त या मावश्यांमुळे. त्यांचं कुठे स्मारक नाही. त्यांचा फ्लेक्सही लागला नसेल.

नंतरच्या नोंदी विरळ आहेत. अर्जित रजा चार दिवस, पाच दिवस. परिवर्तित रजा, म्हणजे वैद्यकीय दाखल्यावरची, दोनदा. १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी कोरा, ते साहजिकच आहे. प्रत्येक वर्षी गणपतीचे दिवस कोरे. पुण्यातल्या विसर्जनाच्या बंदोबस्ताला पिंपरी-चिंचवडची माणसंही जायची आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालायची. मुलीने एक गोष्ट सांगितली, ती मी कागदांतून कधीच शोधू शकले नसते. त्यांच्याकडे गणपती दीड दिवसाचा. मूळ घरात, गावी, दहा दिवसांचा. काकूंनी तो दीड दिवसावर आणला, कारण अनंत चतुर्दशीला त्या घरी असण्याची शक्यताच नव्हती. गावी यावरून बरंच बोलणं झालं म्हणे. सासूबाई दोन वर्षं आल्या नाहीत.

मार्चमध्ये मात्र दोनदा रजा दिसते. २००४ मध्ये आणि २००७ मध्ये. मी मुलांच्या जन्मतारखांत सोळा मिळवले आणि जुळलं: दहावी. दोन मुलं, दोन परीक्षा, दोन्ही वेळा आठ-आठ दिवस. चौतीस वर्षांच्या लॉगमध्ये मला आई सापडली ती या दोन ओळींत. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "आठवतंय की. आई घरी होती म्हणून मलाच टेन्शन आलं होतं. सवय नव्हती ना."

किरकोळ रजा सेवापुस्तकात लिहीत नाहीत. त्यामुळे गॅदरिंग, पालकसभा, ताप आलेला दिवस, यांतलं काही तिथे असण्याची शक्यता नाही. ठाण्यातल्या हजेरीच्या वह्यांमध्ये असेल, त्या वह्या आता कुठे असतील कोण जाणे.

निवृत्तीच्या पानावर एक नोंद आहे: शिल्लक अर्जित रजा ३०० दिवस. नियमाप्रमाणे निवृत्तीला जास्तीत जास्त तेवढ्याच रजेचे पैसे मिळतात, आणि काकूंच्या खात्यात तेवढी पूर्ण शिल्लक होती. जवळपास दहा महिने. ज्या काळात मुलं लहान होती त्या काळात न घेतलेले दहा महिने, साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर रोखीत मिळाले. त्या पैशांतून मुलाच्या मोशीच्या फ्लॅटचं पार्किंग घेतलं, असं कळलं. काकूंना यात काही विशेष वाटत नव्हतं. "सगळ्यांचीच शिल्लक राहते गं, रजा मागायची सवयच राहत नाही," असं त्या आईला एकदा म्हणाल्या होत्या.

निवृत्तीआधीची शेवटची वर्षं त्यांनी नव्या आयुक्तालयात काढली. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं. पुणे शहराची काही ठाणी आली, ग्रामीणमधून चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव आली. आयुक्तांचं कार्यालय चिंचवडला प्रेमलोक पार्कमधल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत थाटलं गेलं. नवं आयुक्तालय म्हणजे हद्द मोठी आणि माणसं कमी, हे कुणालाही कळेल. जेमतेम दोन आठवडे आधी, ३० जुलैला, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकण पेटलं होतं, बसगाड्या जळाल्या होत्या. अशा वेळी पहिला आदेश सगळ्यांना पाठ असतो: रजा आणि साप्ताहिक सुट्या बंद.

गंमत अशी की त्याच जुलै महिन्यात राज्य सरकारने महिला कर्मचाऱ्यांसाठी बालसंगोपन रजा मंजूर केली. पूर्ण सेवेत १८० दिवस. केंद्रात अशी रजा २००८ पासून आहे, आणि ती दोन वर्षांची. काकूंना तिचा उपयोग नव्हता, त्यांची मुलं नोकरीला लागली होती. पण ठाण्यातल्या तरुण पोरींचे अर्ज त्या लिहून द्यायच्या. कोणत्या नियमाखाली, कोणत्या तारखेचा शासन निर्णय, किती दिवस आधी, सगळं अक्षर सुरेख काढून. पिशवीत अशा एका अर्जाचा कच्चा मसुदा होता. नाव दुसऱ्या कुणाचं तरी, अक्षर काकूंचं. 'माझा मुलगा वय वर्षे चार हा सतत आजारी असल्याने' इथपर्यंत लिहून 'सतत' खोडला आहे आणि वर 'वारंवार' केलं आहे.

बायकांना शासकीय नोकरीत ३० टक्के आरक्षण महाराष्ट्राने १९९४ च्या महिला धोरणापाठोपाठ दिलं, त्यामुळे आता भरतीच्या मैदानावर मुली मोठ्या संख्येने दिसतात. २०२४ च्या जानेवारीत रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. त्याआधी २०१६ ते २०१८ त्या पुण्याच्या, म्हणजे आमच्याही, आयुक्त होत्या. 'पहिल्या महिला' हे शब्द वापरण्याच्या जागा आता संपत आल्या आहेत. माझ्या पिढीने त्यांच्यानंतरच्या दोनशेव्या, दोन हजाराव्या बाईकडे बघायला हरकत नाही. तिचं पुस्तक येणार नाही, पण सेवापुस्तक असतं. तुमच्या ओळखीत कुणी निवृत्त महिला पोलीस असतील तर त्यांच्या हयातीत ते त्यांच्या शेजारी बसून वाचा. प्रत्येक तारखेला विचारा, इथे काय झालं होतं. मला ते त्यांच्या मुलीला विचारावं लागलं, आणि तिला सगळं माहीत नव्हतं.

महिला पोलिसांना बारा तासांऐवजी आठ तासांची ड्यूटी देण्याचा प्रयोग २०२१ मध्ये नागपूरसारख्या काही ठिकाणी सुरू झाला. तेव्हाचे पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी तो जानेवारी २०२२ मध्ये राज्यभर लागू करायला सांगितलं. घर आणि नोकरी दोन्ही सांभाळावं लागतं, हे कारण त्यात सांगितलं होतं. हे वाचून काकू हसल्या होत्या, आणि मग दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बातमी दाखवत होत्या. त्यातही अपवाद आहे: सण-उत्सव किंवा तातडीची परिस्थिती असेल तर वरिष्ठांच्या परवानगीने तास वाढवता येतील. आमच्या हद्दीत आळंदी आहे आणि देहूही. दोन्ही पालख्या इथूनच निघतात.